‘जाब’च्या माथ्यावरची देवी

आधीच सांगते, हे मी रागात लिहिते आहे. राग शांत झाल्यावर लिही, असं धारमधल्या दोघा-तिघांनी मला सुचवलं. राग शांत झाला की मी लिहिणारच नाही हे त्यांना ठाऊक असावं, म्हणूनच सुचवलं. तेव्हा आहे तसंच वाचावं लागेल.

माझी मावशी विद्युल्लता पागनीस. वय शहाऐंशी, मुक्काम देवास, टेकडीच्या पायथ्याशी. तिने आणि तिच्या यजमानांनी, म्हणजे भास्करकाकांनी, मिळून पंचवीसेक वर्षं ‘जाब’ नावाचं मासिक चालवलं. राजकारणावरचं मराठी मासिक, आणि तेही माळव्यात, जिथे मराठी माणूस आता सत्यनारायणाचं आमंत्रणसुद्धा हिंदीत छापतो. त्या मासिकाचे सगळे कागद, झाडून सगळे, गेल्या कार्तिकात नेमावरला नर्मदेत सोडण्यात आले. हळदकुंकू वाहून, झेंडूची फुलं घालून. नारळसुद्धा फोडला म्हणे. मला सगळ्यात जास्त झोंबला तो नारळ.

मावशी मूळची धारची, माझ्या आईची धाकटी बहीण. आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. संस्थान गेलं, दफ्तर गेलं, आणि आजोबा शाळेत पोरांना शुद्धलेखन घालू लागले. घरात चणचण, शिस्त मात्र दरबारी. आजीची एक रीत होती. वर्तमानपत्रात, उदबत्तीच्या पुड्यावर, जुन्या कॅलेंडरवर, कुठेही देवाचं चित्र दिसलं की ते बाजूला काढायचं. देव रद्दीत जाता कामा नये, पायाखाली येता कामा नये, चुलीत तर मुळीच नाही. साठले की ती ते सगळे देव पिशवीत घालून गढकालिकेच्या देवळात नेऊन ठेवायची, नाहीतर नदीला जाणाऱ्या कुणाकडे तरी द्यायची. इकडे याला कागद ‘ठंडे करणं’ म्हणतात. मावशी आजीची यावरून थट्टा करायची. पण ते तिने डोक्यात कुठेतरी ठेवून दिलं होतं.

लग्न होऊन देवासला आली तेव्हा आपण एका मास्तराच्या घरी आलो अशी तिची समजूत होती. भास्करकाका खासगी शाळेत गणित शिकवत आणि उरलेला सगळा वेळ राजकारणावर भांडत. पक्ष कुठलाच नाही. पक्ष असता तर निदान एका बाजूच्या लोकांशी तरी पटलं असतं. कुणाची जमीन कुठल्या कारखान्यात गेली, कुठल्या वस्तीचं पाणी कुणी पळवलं, हे त्यांना जितकं ठाऊक तितकं कचेरीला नसायचं. पण ते लिहायला बसले की पहिल्या परिच्छेदातच मोर्चा निघायचा आणि तो शेवटपर्यंत परत यायचा नाही. मावशी त्या मोर्च्याला घरी आणायची. माहिती त्यांची, वाक्यं तिची. संपादक म्हणून दोघांची नावं छापली जात, तिचं आधी. काकांचा हिशोब असा, की पहिलं नाव बाईचं असलं तर लोक शिव्या जरा जपून देतील. तसं काही झालं नाही.

छापखाना हिंदीवाल्याचा. त्याच्याकडे ‘ळ’चे खिळे नसायचे, ते इंदूरहून आणून दिले तरी पुरायचे नाहीत. मग मालक सांगायचा, भाभीजी, या महिन्यात दुष्काळ थोडा कमी लिहा. मावशी म्हणायची, ते माझ्या हातात नाही.

‘जाब’चा एक नियम होता. तो मी इथेच सांगून ठेवते, कारण पुढे तो माझ्याच अंगावर येणार आहे. ज्याच्यावर लिहायचं त्याला ते छापण्याआधी वाचून दाखवायचं. टपालाने पाठवायचं नाही, समोर बसून वाचून दाखवायचं. आणि तो जे उत्तर देईल ते त्याच अंकात, शेवटच्या पानावर, एक शब्दही न कापता छापायचं. त्याला लिहिता येत नसेल तर सांगेल तसं उतरवून घ्यायचं आणि खाली अंगठा घ्यायचा. त्या पानाचं नाव ‘जबाब’. नियम मावशीचा. पाठीमागे बोलण्याला चुगली म्हणतात, त्याला मासिक म्हणत नाहीत, असं तिचं म्हणणं.

टोंकखुर्दला उदाजीराव म्हणून बडं प्रस्थ होतं. सोसायटीचे अध्यक्ष. गावच्या विहिरीवर सोसायटीचा पंप बसला आणि पाणी सगळं अध्यक्षांच्या शेतात वाहू लागलं. मावशीने लेख लिहिला आणि बस धरून टोंकखुर्दला गेली. एकटी. त्यांच्या ओसरीवर बसून तो लेख तिने त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. मध्ये चहा आला, तो वाचून होईपर्यंत घेतला नाही. उदाजीरावांनी ऐकून घेतलं आणि मग जबाब सांगितला. तो तिनेच उतरवून घेतला. त्यात पंपाबद्दल एक ओळ होती आणि बाकी सगळं तिच्या चारित्र्याबद्दल. नवऱ्याला चुलीपाशी बसवून गावोगाव हिंडणारी बाई, वगैरे. हे ‘वगैरे’ माझं. तिने सगळं शब्दशः लिहिलं होतं. काकांनी तो कागद वाचला. हे छापायचं नाही, म्हणाले.

मावशी म्हणाली, “यातला एक शब्द कापलात, तर पुढच्या अंकापासून माझं नाव काढा.”

छापलं. टोंकखुर्दच्या लोकांनी आधी शेवटचं पान वाचलं, मग लेख. पंपाबद्दल या माणसाकडे सांगायला काही नाही, हे त्यांना लेखापेक्षा त्या शिव्यांवरून जास्त कळलं. पुढच्या निवडणुकीत उदाजीराव पडले. मावशीला मात्र देवासमधल्या चांगल्या म्हणवणाऱ्या घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं. तेव्हा तिने स्वतःच्याच घरी मोठं हळदीकुंकू करायला सुरुवात केली आणि ज्यांनी वगळलं त्यांना आधी बोलावलं.

आणीबाणीत ते कामी आलं. काकांना उचलून इंदूरच्या तुरुंगात टाकलं आणि छापखानेवाल्याने हात जोडले. संक्रांत आली. मावशीने सायक्लोस्टाइलवर थोडी पानं काढली आणि वाण म्हणून लुटली. वर तिळगूळ, मध्ये एक कंगवा, खाली घडी घातलेला ‘जाब’. ज्या बायकांना वाचता यायचं नाही त्यांना आत बसवून तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर पोलीस उभा होता. आत शिरायची त्याची छाती झाली नाही. त्याची बायको आत बसून ऐकत होती.

आता त्या चित्राकडे येते, कारण सगळं रामायण त्या चित्राचं आहे.

मासिक सुरू होऊन काही वर्षं झाली असतील. मावशी चौकात कचोरी घ्यायला थांबली आणि दुकानदाराने तिला कचोरी तिच्याच अग्रलेखात बांधून दिली. तेल झिरपून अक्षरं आरपार दिसत होती. ती कचोरी तिने खाल्ली नाही, कागद मात्र घरी आणला आणि काकांच्या ताटाशेजारी ठेवला. पुढच्या महिन्यात ‘जाब’च्या माथ्यावर, नावाच्या वर, टेकडीवरच्या देवीचं चित्र आलं. छोटंसं, ठसठशीत. मावशीने इंदूरला जाऊन त्याचा ब्लॉक करून आणला होता. काका भडकले. आपण देवळाचं पत्रक काढतो का, म्हणून त्यांनी बोलणं टाकलं. ज्या माणसाने आयुष्यात कुणापुढे डोकं वाकवलं नाही त्याच्या मासिकाच्या डोक्यावर देवी बसली होती. मावशी ढिम्म. लोक आपल्याला मानत नाहीत, देवीला मानतात, मग तिलाच पहाऱ्यावर उभी करा, एवढंच ती म्हणाली.

आणि खरंच, त्यानंतर देवासमध्ये कुणी ‘जाब’मध्ये कचोरी बांधली नाही. अंक फाटेनासे झाले, रद्दीत जाईनासे झाले. कुणी ट्रंकेत ठेवले, कुणी देवघराच्या खाली. काही घरांत त्यावर कुंकवाची बोटं उमटली आणि आतली पानं कोरी करकरीत राहिली. मावशीला ते माहीत होतं. आज वाचलं नाही तरी चालेल, फेकू नका म्हणजे झालं, उद्या कुणीतरी वाचेल, असं ती म्हणायची. त्या ‘उद्या’वर तिचा फार विश्वास होता. मला आता त्याचाही राग येतो.

मासिक बंद पडलं ते कुणी बंद पाडलं म्हणून नाही. वर्गणीदारांच्या घरून पत्रं येऊ लागली, की आजोबा गेले, आता घरात मराठी कुणी वाचत नाही, अंक पाठवू नये. मुलं हिंदी शाळेत, नातवंडं इंग्रजी शाळेत. काकांची नजरही गेली होती. मग मावशीने उरलेलं आयुष्य कागद लावण्यात घातलं. वर्षावार गठ्ठे केले. अंक, खाडाखोड केलेली प्रुफं, आणि मुख्य म्हणजे सगळे मूळ जबाब. कुणाचे शाईने लिहिलेले, कुणाचे खाली अंगठा उठवलेले. अंक शोधले तर कुठेतरी मिळतीलही, पण ते जबाब जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. माझ्यावर जे रागावले त्यांची अक्षरं आहेत ती, ती म्हणायची, माझ्यावर जे खूश होते त्यांनी काय, दोन ओळींची कार्डं पाठवली. प्रत्येक गठ्ठा तिने उरलेल्या मुखपृष्ठांमध्ये गुंडाळला, देवीचं चित्र बाहेरच्या बाजूला येईल असा, आणि वरून सुतळी बांधली. म्हणजे तिच्या पश्चातही कुणी रद्दीवाल्याला देणार नाही.

काका गेल्यावर काकांचा पुतण्या प्रणव आणि त्याची बायको नीतू त्या घरात राहायला आले. नीतू ही माझी विद्यार्थिनी. मी नालछ्याच्या शाळेत पढवायचे तेव्हा ती माझ्या वर्गात होती. आडनाव मराठी, घरात बोलणं अर्धं हिंदी, अर्धं माळवी. गुणी मुलगी म्हणून मीच हे स्थळ सुचवलं होतं. आणि ती गुणी आहेच. मावशीचं जेवणखाण, औषधं, केस विंचरणं, सगळं तिने पोटच्या पोरीसारखं केलं. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. इथे तीही सोय नाही.

पुण्याच्या एका संस्थेला हे कागद हवे होते. म्हणजे त्यांचं तसं म्हणणं होतं. तीन वर्षं त्यांच्या मेल येत राहिल्या. कागद कपाटात लावले तर किती लांबीचे होतील, कळवा. खोलीत ओल आहे का, कळवा. मग त्यांनी मनन नावाचा एक संशोधक मुलगा पाठवला. त्याने मोबाइलवर फोटो काढले, सगळे मुखपृष्ठांचे, कारण त्याचा विषय मुखपृष्ठं हा होता. पुढे त्याने लेख लिहिला, की ‘जाब’ हा माळव्यातल्या मराठी समाजाच्या धार्मिक अस्मितेचा बोलका नमुना आहे. छापण्याआधी मावशीला वाचून दाखवायचं त्याच्या मनातही आलं नाही. मावशीने भिंग घेऊन तो लेख वाचला आणि त्याला लांबलचक जबाब पाठवला. मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार, असं त्याचं उत्तर आलं. आज ‘जाब’चं या जगात जे काही हाती लागण्यासारखं उरलं आहे ते मननच्या मोबाइलमध्ये आहे. नुसत्या देव्या.

अखेर गेल्या दिवाळीत संस्थेने कळवलं, की कार्तिक संपायच्या आत टेंपो पाठवतो. मावशीने ते मला फोनवर वाचून दाखवलं, मग पुन्हा वाचून दाखवलं. आणि भाऊबीज झाल्यावर ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. इंदूरला ऑपरेशनला आत नेताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “ऋजू, गठ्ठे जाईपर्यंत मला मरू देऊ नका, म्हणावं डॉक्टरांना.”

डॉक्टरांनी त्यांचं काम केलं.

टेंपो यायच्या आदल्या दिवशी मी धारहून देवासला गेले. गठ्ठ्यांची खोली उघडली तर आत नवा रंग, धुतलेली फरशी आणि मध्यभागी दवाखान्यात असतो तसा लोखंडी पलंग. भिंतीशी एक फोल्डिंगची खुर्ची. प्रणव दारात उभा राहून कुणा मिस्त्रीला फोनवर सांगत होता, “भिया, बाथरूम में पकड़ने का डंडा कल लगा ही देना.” गठ्ठे कुठे ठेवले, म्हणून मी विचारलं. नीतू हात पुसत आली, खूश होती. काकूंना आता जिना चढता येणार नाही, म्हणून ही खालची खोली त्यांच्यासाठी रिकामी केली, असं म्हणाली. खालच्या गठ्ठ्यांना वाळवी लागलेली निघाली. देवीचं चित्र, आणि त्याला वाळवी. कार्तिकी पुनवेला गाडी करून सगळं नेमावरला नेलं आणि पूजा करून ठंडं केलं. एक कागद इकडेतिकडे होऊ दिला नाही, हे तिने आवर्जून सांगितलं. नारळाचं तेव्हाच कळलं.

मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही, शेजारच्यांना आठवत असेल. तुला अक्कल आहे का, हे नक्की म्हणाले. प्रणवला विचारलं, की पुण्याचे लोक येणार हे तुला माहीत होतं ना? अरे हो, ते पण होतं, म्हणाला, या दवाखान्याच्या भानगडीत डोक्यातूनच गेलं. डोक्यातून गेलं! माणसाच्या डोक्यातून दूध आणायचं जातं, किल्ली जाते. दोन माणसांचं आयुष्य कसं जातं? आणि ज्या बाईच्या हाती घर आहे तिला त्याने हे सांगितलेलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. पुण्याच्या गृहस्थांनी रिकाम्या खोलीचा फोटो काढला, फायलीला लावायला, आणि चहा घेऊन परत गेले.

त्याच संध्याकाळी मावशीला घरी आणायचं होतं. प्रणवचं म्हणणं, तिला सांगायचंच कशाला. गठ्ठे गेले म्हणायचं. खोटं तरी कुठे आहे? क्षणभर मलाही ते बरं वाटलं. पण नीतू ऐकेना. मावशीला पलंगावर नीट टेकवून झालं, उशी पाठीला लावून झाली, आणि आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “काकू, तुमचे गठ्ठे मी नर्मदेत सोडून आली. पुण्याचं मला मालूम नव्हतं.”

मावशीने चारी भिंतींकडे बघितलं. मग विचारलं, “जबाब पण?”

जबाब म्हणजे काय हे नीतूला कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. मी मानेनेच हो म्हटलं. मावशीने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या रात्री ती जेवली नाही, औषधही घेतलं नाही. काका गेले तेव्हा मी तिला रडताना बघितलं होतं. या वेळी ती रडली नाही, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ती उशीला टेकून बसलेली. डोळे लाल, पण चांगले उघडे. खूप दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर ‘जाब’च्या दिवसांतला राग होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

“लिही,” म्हणाली. “नीतूवर लिही. प्रणवचं विसरणं लिही, पुण्याच्या लोकांची लांबी-रुंदी लिही. माझ्यावरही लिही, देवी माझी होती. गाळू काही नकोस. लिहून झालं की तिला वाचून दाखव. आणि तिचा जबाब त्याच अंकात.”

कुठला अंक, मावशी, म्हणून मी विचारलं.

“आता लिहिशील तो,” ती म्हणाली.

मग मी लिहिलं. वर आहे ते सगळं, रागासकट. मावशीने स्वतःवरही लिहायला सांगितलं होतं म्हणून हेही लिहिलं, की तिच्या शहाणपणानेच तिचा घात केला. देवीला पहाऱ्यावर बसवली तेव्हा तिला वाटलं, आपण लोकांच्या भाबडेपणाला कामाला लावलं. पण भाबडेपणा कुणाच्या नोकरीत राहत नाही. ज्या हातांनी देवीला रद्दीत जाऊ दिलं नाही त्याच हातांनी तिला पाण्यात सोडलं. हे मी मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, बरोबर आहे, राहू दे. तिचा जबाब एवढाच.

काल दुपारी नीतूला बोलावलं. ती फोल्डिंगच्या खुर्चीवर बसली, मी पलंगाच्या कडेला, मावशी उशीला टेकून. मी पहिल्यापासून वाचलं. अक्कल आहे का, हे वाक्य आलं तेव्हा माझा आवाज खाली गेला, तर मावशीने बोटाने पलंगाच्या दांडीवर टकटक केलं. पुन्हा मोठ्याने वाचावं लागलं. नीतू हलली नाही. तिने मान खाली घातली नाही की डोळे पुसले नाहीत. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी उठली नाही. वाचून संपल्यावर म्हणाली, मी बोलते, तुम्ही लिहा.

मी लिहून घेतलं. त्यातली एक गोष्ट मला पटलेली नाही. मी तसं म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती गाळावी असं माझ्या मनात होतं, आणि ते मावशीला न सांगताही कळलं. टोंकखुर्दचं काय छापलं होतं, आठवतं ना, एवढंच म्हणाली. माझा राग गेलेला नाही. नियम नियम आहे.

जबाब

ताईंनी सगळं वाचून दाखवलं. खरं आहे. गाडी प्रणव चालवून राहिले होते, पण पाण्यात सोडणारे हात माझे होते. मला याची शरम आहे आणि ती जाणार नाही. माफी मागून ते कागद वर येत असते तर मी घाटावर जाऊन मागितली असती.

पण मला पण विचारायचं आहे. मी या घरात इतकी सालं झाली, दर दिवाळीला ते गठ्ठे मी खाली उतरवले, पुसले, परत ठेवले. पहिल्या दिवाळीला मी काकूंना विचारलं होतं, यात काय आहे. काकू बोलल्या, जुनं आहे ग, तुझ्या कामाचं नाही. काकूंना याद नसेल. मग ताई आल्या होत्या तर ताईंना विचारलं. ताई बोलल्या, तुझं मराठी कुठे तेवढं, तुला नाही समजायचं. शाळेत मला ताईंनीच शिकवलं. हिंदीत शिकवलं. चांगलं शिकवलं, मला नंबर पण चांगले यायचे. मराठी मला कोणी शिकवलीच नाही, तर ती मला येत नाही हा गुन्हा माझा कसा झाला.

गठ्ठ्यावर मला समजेल असं एकच होतं, देवी. तर देवीला जे करतात ते मी केलं. दीमक लागलेली देवी मला पाहवली नाही. ते अंगठे, त्या शिव्या, ते उदाजीराव, पोलिसाची बायको आत बसून ऐकत होती, हे सगळं मला आज मालूम पडलं. मालूम असतं तर मी दीमक झाडून एक एक कागद उन्हात घातला असता. प्रणवला विचारा, मी पापड पण असे फेकत नाही.

जो माणूस शिव्या देणार होता त्याला वाचून दाखवायला काकू बसमध्ये बसून टोंकखुर्दला गेल्या. मी तर स्वयंपाकघरात होती. तिथून ही खोली दिसते.

मला समोर बसवून या घरात कोणी काही वाचून दाखवलं, ते आज पहिल्यांदा. खाली अंगठा नको. मला सही येते.

नीतू पागनीस, देवास